'एक अधिक एक एकच कसं?' असं त्यानं विचारलं, ते बरंच झालं

पत्र : मी पहिल्यांदाच लॉजिक गेट, म्हणजे ० आणि १ (खोटं आणि खरं) घेऊन ० किंवा १ असंच उत्तर देणारी छोटी सर्किटं, शिकवायला घेतलेत. वर्गात तीस जण, सगळे नवशिके. सात गेटांच्या सत्यता सारण्या (कुठल्या इनपुटाला कुठलं आउटपुट, याचे तक्ते) त्यांना तोंडपाठ आहेत, चाचणीत गुणही छान पडले. मग मी एक साधं वाक्य दिलं : 'झाकण उघडं असेल किंवा बटण दाबलेलं नसेल तर मोटर बंद राहावी.' याचं एक्स्प्रेशन (चिन्हांतली मांडणी) लिहा म्हटलं, तर सगळे माझ्याकडे बघत बसले. डी मॉर्गनचा नियम ('नाही'ची रेघ पूर्ण कंसावरून एकेका अक्षरावर कशी न्यायची तो) 'रेघ तोडा, चिन्ह बदला' असा घोकून घेतलाय, तरी निम्म्यांची उत्तरं चुकतात. त्यात एका मुलानं विचारलं, 'एक अधिक एक एकच कसं?' मी म्हटलं, 'इथे तसंच असतं.' तो गप्प बसला, पण मला ते लागून राहिलंय. पुढच्या तुकडीसाठी मला आठ तास मिळणार आहेत. सुरुवात कुठून करू? आणि खरे आयसी (गेटं असलेल्या चिप) घेऊन बसू की कॉम्प्युटरवरच दाखवू? — एक शिक्षिका

ताई,

त्या मुलापासूनच सुरुवात करतो. 'इथे तसंच असतं' हे उत्तर मीही कित्येक वर्षं दिलंय, त्यामुळे तुम्हाला बोल लावायचा मला हक्क नाही. पण पुढच्या तासाला त्याला एक गोष्ट जरूर सांगा. ज्यांच्या नावानं हा विषय चालतो त्या जॉर्ज बूल यांनी या वादात आपल्या बाजूनं नव्हे, त्या मुलाच्या बाजूनं कौल दिला होता. बूल यांनी १८४७ साली एक लहान पुस्तिका आणि १८५४ साली मोठा ग्रंथ लिहून तर्क बीजगणितात बसवला. त्यांचा गुणाकार आपल्यासारखाच होता. क गुणिले क म्हणजे क, हे तर त्यांनी पायाभूत मानलं. अधिक चिन्ह मात्र ते फक्त अशाच दोन गटांमध्ये घालायचे, ज्यांच्यात सामाईक काहीच नाही. क + क = क हा नियम त्यांना मंजूर नव्हता. १८६४ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी तो मांडला, बूल यांच्याशी पत्रव्यवहार करून त्यांना पटवायचा प्रयत्नही केला, पण बूल बधले नाहीत. आज आपण फळ्यावर लिहितो ते अधिक चिन्ह जेव्हन्स यांच्या वळणाचं आहे. तेव्हा तुमच्या वर्गातला प्रश्न अडाण्याचा मुळीच नव्हता.

आता त्याला उत्तर काय द्यायचं? सगळा घोळ त्या चिन्हानं घातलाय, म्हणून त्याला 'अधिक' म्हणायचंच नाही. माझ्या वर्गात ते ('किंवा'चं, म्हणजे ऑरचं चिन्ह) 'कमीत कमी एक' असं वाचलं जातं, आणि टिंब ('आणि'चं, म्हणजे अँडचं) 'सगळे' असं. म्हणजे क + ख दिसलं की मोठ्यानं म्हणायचं, 'या दोघांपैकी कमीत कमी एक खरं आहे का?' दोन्ही खरी असतील तर उत्तर काय? 'हो.' दोनदा हो नाही, जास्तीचं हो नाही, नुसतं हो. हे एकदा जिभेवर बसलं की १ + १ = १ समजावून सांगायची वेळच येत नाही. तीन इनपुटांचं ऑर गेट आलं तरी तेच वाक्य चालतं, आणि तिथे मुलं अडखळत नाहीत. ज्यांना आकड्यांतच गोडी आहे त्यांना वेगळं सांगा : ऑर म्हणजे दोघांतला मोठा आकडा, अँड म्हणजे दोघांतला लहान. ० आणि १ मधला मोठा १, १ आणि १ मधला मोठाही १. काहींना हेच चटकन भिडतं.

तुमचा मुख्य प्रश्न सुरुवात कुठून करावी हा. माझं मत स्पष्ट आहे : आठपैकी पहिले दोन तास गेटचं नावही काढू नका. तुमच्या मुलांना सारण्या येतात आणि वाक्य येत नाही, याचा अर्थ त्यांना गणित जड जात नाहीये. त्यांनी वाक्यापासून सारणीपर्यंतचा रस्ता कधी पाहिलेलाच नाही. त्यांना थेट मुक्कामावर नेऊन सोडलंय. पाठ केलेली सारणी ही कुणीतरी आधीच सोडवून ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर असते, आणि प्रश्न कुठला होता हे त्यांना ठाऊक नाही.

म्हणून वाक्यं घ्या, आणि आपली भाषा किती फसवी आहे ते त्यांच्याच तोंडून निघू द्या. माझं आवडतं वाक्य : 'विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिक यांना प्रवेश मोफत.' याला कुठलं गेट, विचारा. 'आणि' दिसलं म्हणून निम्मा वर्ग अँड म्हणेल. मग विचारा, अँड लावलं तर आत कोण जाईल? जो विद्यार्थीही आहे आणि ज्येष्ठ नागरिकही आहे, तो एकटाच! वर्ग हसतो, आणि त्या हसण्यातच त्यांना कळतं की शब्द पाहून गेट निवडायचं नसतं. या वाक्यातलं 'आणि' खरं तर ऑर आहे.

उलटही होतं. 'झाकण बंद आहे पण बटण दाबलेलं नाही.' या 'पण'ला कुठलं गेट? मुलं विचारात पडतात, कारण 'पण' कुठल्याच सारणीत नसतं. ते साधं अँड आहे. 'पण' म्हटल्यानं बोलणाऱ्याची हळहळ तेवढी कळते, खऱ्याखोट्यात फरक पडत नाही. 'शिवाय', 'तरीही', 'असूनसुद्धा' हे सगळे त्याच गोत्रातले. 'ना हे ना ते' म्हणजे चक्क नॉर, उलटवलेलं ऑर. आणि 'की'? 'तू येतोस की थांबतोस?' यात दोन्ही एकदम चालत नाही, तो एक्सऑरकडे, म्हणजे 'दोघांपैकी नेमकं एक' या गेटाकडे झुकतो. 'दार किंवा खिडकी उघडी असेल तर घंटा वाजव' यात मात्र दोन्ही उघडी असली तरी घंटा वाजायलाच हवी. पाठ्यपुस्तकातली वाक्यं देऊ नका, ती आधीच चाळून घेतलेली असतात. मुलांना घरून, फलकांवरून, यंत्रांच्या सूचनापत्रकांतून वाक्यं टिपून आणायला सांगा. अशा एका वहीभर वाक्यांवर मी दोन तास सहज काढले आहेत.

याच्यानंतरची पायरी बहुतेक शिक्षक गाळतात, आणि पुढची निम्मी पडझड तिथेच होते. अक्षराचा अर्थ लिहून घ्यायचा. मुलं लिहितात, 'झ = झाकण.' यावर लगेच थांबवा. झाकण ही वस्तू आहे, वस्तू खरी किंवा खोटी नसते. 'झ = झाकण उघडं आहे' असं पूर्ण वाक्य हवं, ज्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर असेल. आता झ = १ म्हणजे उघडं, झ = ० म्हणजे लावलेलं. दुसऱ्या मुलानं 'झ = झाकण लावलेलं आहे' असं घेतलं तर तेही बरोबर, फक्त त्याचं एक्स्प्रेशन वेगळं दिसेल. दोघांना शेजारी शेजारी फळ्यावर लिहायला लावा. मांडणी वेगळी, मोटर तीच.

० आणि १ यांना स्वतःचा असा अर्थ नसतो, तो आपण द्यायचा असतो. क्लॉड शॅनन यांनी १९३७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात बूल यांचं बीजगणित रिले (विजेनं हलणारे स्विच) आणि स्विचांच्या सर्किटला लावून दाखवलं. आपल्या विषयाचा खरा उगम तो. गंमत म्हणजे त्यांनी ० हे बंद, म्हणजे वीज वाहू देणाऱ्या सर्किटला दिलं आणि १ हे तुटलेल्या सर्किटला. एकामागे एक जोडलेले स्विच त्यांच्याकडे अधिक चिन्हानं लिहिले जात. आपण आज शिकवतो त्याच्या अगदी उलट, आणि तरी सगळं बिनचूक चालतं. कुणी विचारलं की '१ म्हणजे चालूच ना, सर?' तर मी हे सांगतो.

आता तुमचंच वाक्य घेऊ. 'झाकण उघडं असेल किंवा बटण दाबलेलं नसेल तर मोटर बंद राहावी.' झ म्हणजे झाकण उघडं आहे, ब म्हणजे बटण दाबलेलं आहे, म म्हणजे मोटर चालू आहे. डोक्यावरच्या रेघेऐवजी मी इथे अक्षरापुढे टिकली देतो, म्हणजे ब′ हे 'ब नाही' असं वाचा.

मुलं का अडली असतील याचा मला अंदाज आहे. वाक्य सांगतंय मोटर कधी बंद ते, आणि मुलं शोधतायत मोटर कधी चालू ते. त्यात वाक्याच्या पोटातच एक 'नसेल' बसलेलं. शिवाय एक चोरवाट आहे. हे वाक्य मोटर कधी चालू राहावी हे सांगतच नाही! 'असं असेल तर बंद', बरं, आणि तसं नसेल तर? बोलताना आपण ते गृहीत धरतो. सर्किटला काही गृहीत धरता येत नाही, त्याला चारही ओळींत काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. 'तर' आणि 'तरच' यांतला फरक इथे शिकवायचा. सारणीची खरी किंमतही इथेच कळते. ज्यानं वाक्य दिलं त्याला परत जाऊन विचारायच्या प्रश्नांची ती यादी असते. मुलांना तुमच्याकडे बोट दाखवून विचारू द्या : 'बाई, झाकण लावलंय, बटण दाबलंय. चालवू का?' तुम्ही म्हणा, 'चालव.' आता ओळी भरा.

झ ० ब ० : मोटर ०
झ ० ब १ : मोटर १
झ १ ब ० : मोटर ०
झ १ ब १ : मोटर ०

एकच ओळ १ देते, झाकण लावलेलं आणि बटण दाबलेलं. म्हणजे म = झ′·ब. कुठलाही मुलगा हे मराठीत म्हणून दाखवेल : 'झाकण लावलेलं असेल आणि बटण दाबलेलं असेल तरच चालेल.'

आता मूळ वाक्य जसंच्या तसं चिन्हांत उतरवा. मोटर बंद, म्हणजे म′ = झ + ब′. दोन्ही बाजू उलटवल्या तर म = (झ + ब′)′. आणि वर सारणीवरून आलं होतं म = झ′·ब. दोन्ही एकच. हा डी मॉर्गनचा नियम झाला, आणि अजून तुम्ही त्याचं नाव घेतलेलं नाही. माझा आग्रह एवढाच की नाव नंतर सांगा. आधी पाच-सहा वाक्यांत तो घडताना दिसू दे.

'रेघ तोडा, चिन्ह बदला' या सूत्राशी माझं वैर नाही, पण नवशिक्याच्या हातात ते धोक्याचं आहे. घाईत तो रेघ तोडतो आणि चिन्ह बदलायचं विसरतो. त्याला अडवायला कानाचा उपयोग होतो. फळ्यावर दोन वाक्यं लिहा :

दोघंही आले नाहीत.
दोघंही आले असं नाही.

शब्द जवळजवळ तेच, आणि अर्थात केवढा फरक! पहिल्यात घर रिकामं. दुसऱ्यात कदाचित एक जण येऊन बसलाय. क म्हणजे पहिला आला, ख म्हणजे दुसरा आला. पहिलं वाक्य (क + ख)′, म्हणजेच क′·ख′, आणि ते चारांपैकी एकाच ओळीत खरं. दुसरं (क·ख)′, म्हणजे क′ + ख′, आणि ते तीन ओळींत खरं. एकास तीन. मुलानं (क·ख)′ चं क′·ख′ केलं की त्याला 'चुकलं' म्हणू नका, 'किती ओळींत १ येतं?' एवढं विचारा. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला एक. तो स्वतःच खोडरबर उचलेल.

तिसऱ्या-चौथ्या तासाला एक उदाहरण सावकाश, पूर्ण करून दाखवावं. माझं ठरलेलं उदाहरण तीन परीक्षकांचं. क, ख, ग. प्रत्येकाच्या हातात एक बटण, पास असेल तर दाबायचं. किमान दोघांनी दाबलं तर हिरवा दिवा लागावा. इनपुट तीन म्हणून ओळी आठ, ००० पासून १११ पर्यंत. ओळी आठवून लिहू देऊ नका, कारण एखादी हमखास गळते. उजवा रकाना ०१०१ असा दर ओळीला बदलतो, मधला दर दोन ओळींनी, डावा दर चार ओळींनी. रकान्यांप्रमाणे उभं लिहून टाकलं की चूक होत नाही.

दिवा लागणाऱ्या ओळी चार : ०११, १०१, ११०, १११. प्रत्येक ओळ म्हणजे एक 'सगळे' वाक्य, आणि त्या चारांमध्ये 'कमीत कमी एक'. टिंबं गाळून लिहितो :

दिवा = क′खग + कख′ग + कखग′ + कखग

हे अगदी बरोबर आहे, आणि इथे मुलांना क्षणभर थांबून शाबासकी घेऊ द्या. सारणीवरून एक्स्प्रेशन काढायची ही रीत कधीच दगा देत नाही. उत्तर लांबलचक येईल, पण चुकीचं येणार नाही.

मग आटोपशीर करायला घ्या. पहिल्या आणि चौथ्या पदात खग सामाईक आहे. खग(क′ + क). कंसात 'क नाही किंवा क आहे', म्हणजे नेहमीच १. उरलं खग. छान. आता दुसऱ्या पदाला जोडीदार हवा, तोही कखग. पण ते तर वापरून झालं! इथे वर्ग अडतो, दर वर्षी, न चुकता. आणि इथेच तुमच्या त्या मुलाला उभं करायचं. क + क = क, हा आपण त्याच्या विरोधात जिंकलेला मुद्दा. कखग + कखग + कखग म्हणजे कखगच. मग ते पद तीनदा लिहायला कोण अडवतंय? तीनदा लिहा, प्रत्येकाला एकेक जोडीदार द्या :

दिवा = खग + कग + कख

मोठ्यानं वाचून घ्या : 'तीन जोड्यांपैकी कमीत कमी एक जोडी पूर्ण.' किमान दोघं, याचा दुसरा अर्थ काय असतो? मी हे उदाहरण इतक्या वेळा करूनही या ओळीला मला अजून बरं वाटतं. जो नियम मघाशी खटकत होता त्यानंच काम सोपं केलं. आधीच्या मांडणीत तीन नॉट ('नाही'ची गेटं), तीन इनपुटांची चार अँड आणि चार इनपुटांचं एक ऑर लागत होतं. आता दोन इनपुटांची तीन अँड आणि तीन इनपुटांचं एक ऑर. कुणी चलाखानं कख + ग(क + ख) असं लिहिलं तर दोन इनपुटांच्या चारच गेटांत भागतं. लिहिलं तर कौतुक करा, नाही लिहिलं तर ते शोधायला लावू नका. 'सगळ्यात छोटं' शोधायची हाव नवशिक्याला लावली की तो अर्थ सोडून चिन्हं ढकलायला लागतो. याच कारणासाठी कार्नो नकाशा (सारणी चौकटीत मांडून शेजारचे १ गोल करून एकत्र करायची रीत) या आठ तासांत घेऊच नये असं माझं मत आहे. ती रीत उत्तम आहे, पण ००, ०१, ११, १० असा क्रम का लावायचा हे समजायच्या आधी शिकवली की मुलं फक्त गोल काढत बसतात.

गेटांच्या आकृत्या यानंतर. त्यांना फार वेळ देऊ नका. अँडचं पोट डी अक्षरासारखं, ऑरची पाठ आत गेलेली आणि नाक टोकदार, पुढे गोळी आली की उलट. अर्ध्या तासात हात बसतो. एक्सऑरला जिन्याच्या दिव्याचं उदाहरण पुरतं, वर आणि खाली दोन स्विच, कुठलाही एक हलवला की दिवा आपली स्थिती बदलतो. ज्यांना आणखी खाज आहे त्यांना विचारा की दोन इनपुटांची एकूण वेगवेगळी गेटं किती होऊ शकतील. चार ओळी, प्रत्येकीत ० किंवा १, म्हणून सोळा. आपण त्यांतल्या मोजक्यांनाच नावं ठेवलीत. उरलेली काय करतात, हे शोधायला एक संध्याकाळ मजेत जाते.

आता आयसी की कॉम्प्युटर. सराव कॉम्प्युटरवर करा, तिथे तार तुटत नाही आणि दहा मिनिटांत दहा सर्किटं होतात. पण एकदा तरी खरा आयसी मुलांच्या हातात द्या. एकाच प्रकारचा आणायचा तर ७४एचसी०० आणा. चौदा पाय, पोटात चार नँड (उलटवलेलं अँड) गेटं. सात नंबरचा पाय ग्राउंडला (० व्होल्टला), चौदा नंबरचा पाच व्होल्टला. एक आणि दोन इनपुट, तीन आउटपुट. चार-पाच इनपुट, सहा आउटपुट. पलीकडच्या बाजूला नऊ-दहावरून आठ, आणि बारा-तेरावरून अकरा. नुसत्या नँडपासून नॉट, अँड, ऑर सगळं बनतं. दोन्ही इनपुट एकत्र बांधले की नॉट झालं. आणि बरोबर चार नँडांत एक एक्सऑर होतो, म्हणजे तोच एक आयसी पुरेपूर वापरून. पहिल्या नँडला क आणि ख द्या. त्याचं आउटपुट दुसऱ्याला क बरोबर आणि तिसऱ्याला ख बरोबर द्या. त्या दोघांची आउटपुटं चौथ्यात घाला. मुलांना आधी कागदावर चारही ओळी तपासायला लावा, मग तारा.

यात मी एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय. एका वर्गात नँड जोडून दाखवत होतो. स्विच दाबला की इनपुट पाच व्होल्टला लागायचं, सोडला की ० व्हायला हवं. व्हायचं नाही. एलईडी मन मानेल तसा लुकलुकायचा, आणि मी हात जवळ नेला की हमखास बदलायचा. मी वर्गासमोर ठामपणे सांगितलं, 'आयसी खराब आहे.' दुसरा लावला, तोही खराब! तिसराही! तीन चांगले आयसी त्या दिवशी माझ्या हातून कचऱ्यात गेले. शेवटी मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, 'सर, स्विच सोडल्यावर ती तार कशाला जोडलेली असते?' कशालाच नाही. हवेत. मी 'स्विच सोडला' म्हणजे '०' असं मनातल्या मनात धरून चाललो होतो, आणि आयसीला माझं मन वाचता येत नव्हतं. अधांतरी इनपुट ० नसतं आणि १ही नसतं. त्या इनपुटापासून ग्राउंडला दहा किलोओहमचा एक रेझिस्टर लावला, आणि सगळं मुकाट्यानं चालायला लागलं. न वापरलेल्या गेटांची इनपुटंही अशीच ग्राउंडला बांधून टाका.

हा प्रसंग तुमच्या वर्गात मुद्दाम घडवलात तरी हरकत नाही. ० आणि १ हे खरे आकडे नसून व्होल्टेजचे पट्टे आहेत, हे त्यातून आपोआप निघतं. साडेचार व्होल्टवर चालणारं ७४एचसी गेट साधारण १.३५ व्होल्टच्या खाली ० धरतं आणि ३.१५ च्या वर १. मधल्या भागात ते काय धरेल याची हमी कुणीच देत नाही. बाकी दोन बारीकसारीक गोष्टी : प्रत्येक एलईडीबरोबर ३३० ओहमचा रेझिस्टर घाला. आणि पुढे कधी नॉर गेटांचा ७४एचसी०२ घेतलात तर पायांचा क्रम वेगळा असतो, तिथे एक नंबर आउटपुट आणि दोन-तीन इनपुट. मुलं ७४एचसी००च्याच तारा तशाच ठेवतात आणि तास वाया जातो.

चाचणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. 'अँड गेटची सत्यता सारणी लिहा' हा प्रश्न काढून टाका. एक मराठी वाक्य द्या आणि अक्षरांचे अर्थ, सारणी, एक्स्प्रेशन असे तीन टप्पे मागा, प्रत्येकाला वेगळे गुण. दुसरा प्रश्न उलटा, एक्स्प्रेशन देऊन त्याचं मराठी वाक्य करायला सांगा. तो तपासायला वेळ लागतो, पण कोणाला खरंच कळलंय ते तिथे लपत नाही.

आठव्या तासाला वेळ उरलाच तर दोन नँड गेटं घ्या. पहिल्याचं आउटपुट दुसऱ्याच्या एका इनपुटला आणि दुसऱ्याचं पहिल्याच्या एका इनपुटला जोडा. राहिलेली दोन इनपुटं दहा-दहा किलोओहमनं पाच व्होल्टला बांधा, आणि प्रत्येकापासून ग्राउंडला एकेक बटण. एक बटण दाबलं की दिवा लागतो, आणि बटण सोडलं तरी लागलेलाच राहतो. दुसरं दाबलं की विझतो, आणि सोडलं तरी विझलेलाच. मुलांना याची सारणी लिहायला सांगा. दोन्ही बटणं सोडलेली, म्हणजे इनपुट १ आणि १, या ओळीत आउटपुट काय लिहायचं यावर वर्गात भांडण होईल. निम्मे ० म्हणतील, निम्मे १, आणि दोघंही फळ्याकडे न बघता दिव्याकडे बोट दाखवतील. त्या मुलाला त्या दिवशी पहिल्या बाकावर बसवा.